नाशकातली कनात

नाशिकहून परत आल्यापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "रामकुंडावर स्नान घडलं का?" घडले नाही. पंचवटी पाहिली ती टांग्यातून, तीही घाईघाईने. ज्यांना तिथल्या देवळांची आणि कुंडांची माहिती हवी असेल त्यांनी एखाद्या उपाध्यायाला गाठावे, तो माझ्यापेक्षा पुष्कळ सांगेल. मी नाशकाला गेले होते ती चार मुलींना पळवायला. पळवायला म्हणजे शर्यतीत. हल्ली शब्द जपून वापरावे लागतात.

मी पुण्यात मुलींच्या शाळेत कवायत शिकवते. सकाळच्या वेळी कॉलेजातल्या काही मुलीही माझ्याकडे व्यायामाला येतात. यंदा नाशिकच्या एका क्रीडामंडळाने कॉलेजांच्या सामन्यांत पहिल्यांदाच मुलींची शर्यत ठेवली, शंभर यार्डांची. ते हस्तपत्रक वाचून कुसुम जोगळेकर माझ्या घरी धावतच आली. ही मुलगी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. उंच, काटकुळी आणि उजाडायच्या आत मैदानावर हजर असणारी. तिच्या वडिलांना मी शब्द दिला की मुलीला धडधाकट परत आणीन. तो शब्द मला पाळता आला नाही. का पाळता आला नाही ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे, आणि राग अजून उतरलेला नाही.

सिन्नरच्या अलीकडे

पुण्याहून आम्ही सर्व्हिस मोटरने निघालो. नारायणगाव, संगमनेर मागे पडले. घाट, धूळ आणि ड्रायव्हरच्या विड्यांचा वास, याहून त्या रस्त्याचे अधिक वर्णन करण्यासारखे काही नाही. सिन्नर थोडेसे राहिले असताना चाकाने दम सोडला. ड्रायव्हर खाली उतरला, त्याने चाकाला एक शिवी दिली आणि सावकाश अवजारे काढू लागला.

कुसुमला बसून बसून मुंग्या आल्या होत्या. तिने पदर खोचला आणि रिकाम्या रस्त्यावरून एक धाव मारून परत आली. शेजारच्या शेतात कांदे काढणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांतली एक म्हातारी बांधावर येऊन म्हणाली, "काय गं पोरी, कुनी मागं लागलं हाय का?"

"नाही आजी, उगीच पळते."

"उगीच?" म्हातारीने मागच्या बायकांकडे वळून सांगितले, "ऐकलं का? पुन्याकडं बाया उगीच पळत्यात!"

मग काय हशा पिकला! मी सांगितले, हिला नाशकात शर्यत आहे, बक्षीस मिळणार आहे. त्यावर म्हातारी म्हणाली, "आमी रोज ढोरामागं पळतो. लय पळतो. आमाला नाय कुनी बक्षीस देत." पण तिने आम्हाला बांधावर बसवले, फडक्यातली बाजरीची भाकरी मोडून दिली, कांदा बुक्कीने फोडला आणि वर लाल तिखटाचा गोळा ठेवला. रूथ साळवे ही आमच्यातली दुसरी पळणारी. नगरची, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांची मुलगी, बोलायला थोडकी. तिने भाकरी घेताना सवयीने सांगून टाकले, "आजी, मी ख्रिस्ती आहे." म्हातारी म्हणाली, "मग काय भूक लागत नाय तुला? खा."

रावबहादुरांच्या घरी

सामन्यांचे अध्यक्ष एक वृद्ध रावबहादूर होते. गावात त्यांची वकिली एके काळी जोरात चाललेली, आता सारे लक्ष सार्वजनिक कामांत. पहिल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावले. भरीत, गव्हल्यांची खीर, आणि शेवटी त्यांच्या मळ्यातली द्राक्षे. पुण्यात आजाऱ्यासाठी मोजून आणतात ती द्राक्षे तिथे परातीत भरून समोर आली.

पण आधी पाने मांडली तेव्हा रूथचे पान ओसरीवर, एकटे. कोणी तरी फक्त तिला तिकडे हात दाखवला. पुण्यात हे होत नाही असे म्हणण्याची माझी छाती नाही; पण आमच्याकडे निदान दाखवणाऱ्याची मान खाली जाते. मी माझे पान उचलले आणि ओसरीवर रूथशेजारी जाऊन बसले. मागोमाग कुसुम आली, मग बाकीच्या दोघी. माजघरात पाटांची रांग रिकामी राहिली. रावबहादुरांच्या पत्नी, ज्यांना सारे माई म्हणतात, क्षणभर उंबऱ्यावर थबकल्या. मग तुपाची तामली घेऊन त्या स्वतःच बाहेर आल्या आणि पहिली धार रूथच्या पानावर धरली.

जेवणानंतर रावबहादूर झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी आपल्या कॉलेजच्या दिवसांच्या गोष्टी काढल्या. खोटे कशाला बोलू? मी त्या गोष्टींत रंगून गेले. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे पुणे त्यांनी डोळ्यांसमोर उभे केले. वसतिगृहात दर जातीची वेगळी खाणावळ, सोवळ्यात जेवण आणि त्याच संध्याकाळी मैदानावर गोऱ्या प्रोफेसराच्या हाताखाली क्रिकेट. धोतराचा काचा मारलेला, डोक्याला पगडी, पाय अनवाणी. चेंडू पगडीला लागला तर बाद धरायचे की नाही यावर झालेले भांडण. मैलाच्या शर्यतीत ते दोन वर्षे पहिले आले होते.

"तेव्हा लोक आम्हाला हसत," ते म्हणाले. "आमच्या तीर्थरूपांना कोणी तरी कळवलं की चिरंजीव पोथी सोडून साहेबाबरोबर उघड्या पोटऱ्यांनी पळतात. ते इथून तडक पुण्याला आले. मैदानाच्या कडेला उभे राहून सर्वांदेखत म्हणाले, हा ब्राह्मणाचा मुलगा आहे की सर्कशीतला घोडा? घरी चल."

"मग?" कुसुमने विचारले.

"मग काय! शर्यत पुरी केली, पहिला आलो आणि मग गेलो घरी. वर्षभर वडील बोलले नाहीत माझ्याशी." ते झोपाळ्यावरून उठले आणि सत्तरीकडे झुकलेल्या त्या गृहस्थाने पाय मागे-पुढे टाकून, गुडघा वाकवून, शर्यतीला कसे उभे राहायचे ते मुलींना दाखवले. त्या वेळी त्यांचे डोळे असे चमकत होते की मी मनात म्हटले, हा माणूस आपला आहे.

किती चुकले!

मैदान

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर गेलो. सुरेख, मोकळे मैदान. चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या, निशाणे लावलेली. कुसुमने त्या सरळ रेघा पाहिल्या आणि तिचा चेहरा फुलला. तेवढ्यात मंडळाचे चिटणीस घाईने आले. "ते मुलांचं. तुमची व्यवस्था तिकडं आहे."

तिकडे म्हणजे कोपऱ्यात. लग्नाच्या मांडवाला लावतात तसल्या जाड तांबड्या कनाती चौफेर बांधून एक बंदिस्त जागा केली होती. आत बायकांसाठी खुर्च्या. शंभर यार्ड सरळ पळायला त्या कोंडीत जागाच नव्हती. म्हणून पन्नास यार्ड जायचे, टोकाच्या निशाणाला वळसा घालायचा आणि परत यायचे. हेही एक वेळ सोडा. कनातीच्या दोऱ्या आणि खुंट्या सगळ्या आतल्या बाजूला होत्या, अगदी वळसा घालायच्या जागेपर्यंत आलेल्या!

मी चिटणिसांना विचारले, "खुंट्या आत का? कनातीच्या खुंट्या बाहेर मारतात."

"बाहेरून मुलांचा ट्रॅक जातो. त्यांच्या पायात येतील."

"आणि मुलींच्या पायात?"

"मुली काही तेवढ्या जोरात पळणार नाहीत," ते हसत म्हणाले.

हे वाक्य मी पदरचे घातलेले नाही. शब्दाला शब्द तसेच आहे.

मी म्हटले, "कनात काढा. माझ्या मुली उघड्यावर पळतील."

"बाई, तीर्थक्षेत्र आहे हे. तुमच्या मुलींची लाज राखण्यासाठीच चाललंय सारं."

"त्यांची लाज त्यांच्यापाशी नीट आहे. ज्यांना बघवत नसेल त्यांनी घरी बसावं."

रावबहादूर आले. मला आशा वाटली. त्यांनी आत एक नजर टाकली, वळणाकडे पाहिले, खुंट्यांकडेही पाहिले. शर्यती मारलेला माणूस तो. त्याला दिसले नसेल असे मी मानायला तयार नाही. पण मला म्हणाले, "बाई, पहिलंच वर्ष आहे. गावाला एकदम झेपत नाही. थोडं समजून घ्या."

मी मुलींना सांगितले की पळायचे नसेल तर आपण आत्ता परत जाऊ. कुसुम म्हणाली, "बाई, आज आपण परत गेलो तर म्हणतील, मुलींना बोलावलं होतं, त्याच आल्या नाहीत." तिचे म्हणणे खरे होते. मी माझा एक धुवट पंचा फाडला आणि चिंध्या खुंट्याखुंट्यांना बांधल्या, निदान दिसाव्यात म्हणून. मंडळाच्या माणसांपैकी कोणीही त्या कामाला हात लावला नाही.

दुपारी बायकांनी कनातीची आतली बाजू भरून गेली. एरवी पाचवारी नेसणाऱ्या आमच्या मुली नऊवारीचा घट्ट कासोटा मारून उभ्या होत्या. गावातल्याही काही मुली होत्या. शिट्टी झाली आणि कुसुम सुटली ती पहिल्या दहा पावलांतच सर्वांच्या पुढे गेली. बायका आधी गप्प होत्या. मग कोणी तरी टाळी वाजवली आणि मग असा गलका उठला की बाहेर मुलांच्या लांब उडीकडे कोणाचे लक्ष राहिले नसेल. माई खुर्चीवर उभ्या होत्या! डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, आणि ओरडत होत्या, "पळ गं! पळ!"

कुसुम निशाणाला वळली. एवढ्या वेगात तोकडा वळसा घेता येत नाही. पाय बाहेर फेकला जातो. तो दोरीत गुंतला. ती उजव्या हातावर पडली, खुंटी उपटली आणि कनातीचा तो सगळा पडदा तिच्याबरोबर खाली आला. ज्या हजारभर पुरुषांच्या नजरेपासून आमच्या मुलींना वाचवायचे होते ते सगळे समोर उभे राहून बघत होते.

रूथ तिच्या मागेच होती. ती थबकली. धुळीत पडलेली कुसुम तिच्यावर ओरडली, "थांबू नकोस! पळ!" रूथ पळाली आणि पहिली आली. मी कुसुमपाशी पोहोचले तेव्हा तिचे मनगट वाकडे दिसत होते, आणि ती विचारत होती, "रूथच ना? रूथच पहिली?"

जुन्या नाशकात

गावातले डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी होते. माईंनी आपला टांगा दिला आणि सांगितले, "उस्मानभाईंकडं न्या. आमच्या घरातली सगळी हाडं त्यांनीच बसवलीत." जुन्या नाशकातल्या एका अरुंद गल्लीत पितळेची भांडी ठोकण्याच्या आवाजात त्यांचे घर होते. उस्मानभाई हाडवैद्य म्हणजे मेंदी लावलेल्या दाढीचे, थोराड हातांचे गृहस्थ. त्यांनी कुसुमला चटईवर बसवले. "बेटी, हाताकडं नाय बघायचं. माझ्या दाढीकडं बघ. रंग कसा आलाय सांग."

कुसुम रंग सांगायला तोंड उघडते तोच त्यांनी हात ओढून हाड बसवले. तिची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. मग लेप, कापूस, बांबूच्या कामट्या आणि पट्टी. आतून त्यांच्या बीबी हळद घातलेले दूध घेऊन आल्या.

"दीड महिना हाताला काम नाय," उस्मानभाई म्हणाले.

"तिची पुढच्या महिन्यात परीक्षा आहे," मी म्हटले. "लिहायचा हात आहे हा."

त्यांनी पट्टीची गाठ पुन्हा एकदा चाचपली. "लई वाईट झालं, बाई. पण हाड काय परीक्षेचं ऐकत नाय."

इतका वेळ न रडलेली कुसुम तेव्हा रडली. परीक्षा हुकली ती हुकलीच. चार वर्षे वडिलांची, मामांची, शेजाऱ्यांची बोलणी खाऊन ती मुलगी पदवीच्या दाराशी आली होती, आणि एका दोरीने तिचे वर्ष गेले. ती दोरी आत बांधली, कारण बाहेर बांधली असती तर ती कोणा मुलाच्या पायात आली असती.

समारंभ

तिला विश्रांती घे म्हटले तर ऐकेना. संध्याकाळी हात गळ्यात बांधून ती माझ्याशेजारी मांडवात बसली. रावबहादूर अध्यक्ष म्हणून बोलायला उठले. मला वाटले, दोन शब्द तरी चुकभुलीचे बोलतील. ते काय म्हणाले ते ऐका.

"आज मुलींच्या शर्यतीत जो दुर्दैवी प्रकार घडला त्यातून एक बोध घेण्यासारखा आहे. स्त्रीशरीराची घडण अशा कष्टांसाठी नाही. आमच्या हेतूत न्यून नव्हतं. परंतु अनुभव हाच गुरू. पुढील वर्षापासून ही शर्यत न ठेवता भगिनींसाठी रांगोळी व गायन यांच्या स्पर्धा ठेवाव्यात, असं मंडळाचं मत झालं आहे."

टाळ्या! भरघोस टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले. चारशे मुलींना कवायत शिकवणारा माझा आवाज आहे, त्याला व्यासपीठ लागत नाही. "रावबहादूर, ती शरीराच्या घडणीनं पडली नाही. तुमच्या कनातीच्या दोरीत पाय अडकून पडली. खुंट्या आत आहेत हे मी सकाळी दाखवलं होतं, तुम्हालाही दाखवलं होतं."

"बाई, आपण बसा. ही जागा नव्हे."

"मुलगी पडली ती जागा चारचौघांची होती, तिला दोष दिलात तोही चारचौघांत. मग उत्तराला जागा कुठली शोधू? काल तुम्ही आम्हाला सांगितलंत, तुमच्या वडिलांनी तुम्हाला सर्कशीतला घोडा म्हटलं, तरी तुम्ही शर्यत पुरी केलीत. आज वडिलांच्या जागी तुम्ही उभे आहात, एवढंच."

रावबहादुरांचा चेहरा तांबडा झाला. बायकांच्या बाजूने कोणी तरी "खरं आहे" असे म्हणाले. आवाज कोणाचा ते मी सांगणार नाही, त्यांना त्याच घरात राहायचे आहे. चिटणिसांनी बँडवाल्यांना खूण केली आणि माझे पुढचे बोलणे तुतारीत बुडाले.

मग बक्षिसे. मुलांना चांदीचे पेले. मुलींच्या शर्यतीत पहिली म्हणून रूथचे नाव पुकारले. ती गेली तेव्हा तिच्या हातात चांदीचा एक कुंकवाचा करंडा ठेवला.

तिने तो उघडून पाहिला. "यात काय ठेवायचं?" तिने अगदी साधेपणाने विचारले.

"कुंकू," चिटणीस म्हणाले.

"मी ख्रिस्ती आहे."

चिटणीस गोंधळले. "मग... सुपारी ठेवा."

लोक हसले. रूथ हसली नाही. तिने करंड्याचे झाकण नीट लावले, तो परत मेजावर ठेवला आणि म्हणाली, "ही शर्यत कुसुमची होती. आणि मला पेला हवा होता, मुलांना दिलात तसा." नमस्कार करून ती येऊन आपल्या जागेवर बसली. त्या मुलीला मी वर्षभरात एवढे बोलताना ऐकले नव्हते.

मोटरस्टँड

सकाळी आम्ही परतीच्या मोटरमध्ये बसलो. मोटर सुटायला थोडा अवकाश असताना रावबहादूर काठी टेकत आले. एकटेच. बरोबर चिटणीस नाहीत, पट्टेवाला नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही; ते कुसुमच्या खिडकीशी उभे राहिले.

"हात कसा आहे?"

"ठणकतो," कुसुम म्हणाली.

ते जरा घुटमळले. "बाळ, वळणावर तू फार वेगात आलीस. तिथं जोर आवरायचा असतो. आमच्या साहेबानं आम्हाला पहिलं तेच शिकवलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तोंड उघडणार तोच कुसुमने डावा हात माझ्या हातावर ठेवला. ती अगदी शांतपणे त्यांना म्हणाली, "मला ठाऊक आहे, आजोबा. पण शंभर यार्डांच्या शर्यतीत वळण नसतं."

म्हाताऱ्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"नसतं," तो म्हणाला. "खरं आहे. नसतं."

एवढ्यात ड्रायव्हरने हँडल मारले. इंजिन धडधडू लागले, काळा धूर निघाला. रावबहादूर आणखी काही बोलत होते, ओठ हलताना दिसत होते. शब्द एकही ऐकू आला नाही. संगमनेर येईपर्यंत बाकीच्या दोघी एकमेकींना विचारत होत्या की ते काय म्हणाले असतील. क्षमा मागितली असेल, पुढच्या वर्षी सरळ मैदानावर पळा म्हणाले असतील, असे बरेच तर्क झाले.

मला त्याची उत्सुकता नाही. जे बोलायचे होते ते आदल्या संध्याकाळी भरल्या मांडवात, टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या लोकांना ऐकू जाईल असे बोलायला हवे होते.